तेलाचा थेंब आणि त्याचे कारण

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर निघण्याच्या दोन दिवस आधी वस्तीतल्या जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलखाली तेलाचे डाग दिसले. गाडीत म्हाताऱ्या उपासिका, लेकरे बसणार. धोका कसा पत्करावा? आम्ही चाकांना दगड लावले, खालचा भाग पुसून कोरडा केला, फेरी मारून पुन्हा पाहिले. तेल पिनियनच्या सीलपाशी पाझरत होते. सील बदलण्याआधी वरचा ब्रीदर तपासला. तो चिखलाने बुजला होता. हवा कोंडली की तापलेले तेल सीलमधून बाहेर येते. ब्रीदर साफ केला, फिलर बोल्टच्या तोंडापर्यंत योग्य नंबरचे गिअर ऑइल भरले. गळती थांबली. मात्र तेल ब्रेकवर उतरले तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. बंधुभगिनींनो, आधी कारण शोधा, ही तथागतांचीच शिकवण. जय भीम!