नदीची पत्रिका मांडणारी माणसे

“पाणी तिसऱ्या पायरीच्या वर चढत नाही!”

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या आमच्या मामांचे हे वाक्य आम्ही भाचरे २००५ सालापासून ऐकत आलो. त्या वर्षीच्या पुरात कृष्णामाई आयर्विन पुलापाशी ५३ फुटांवर गेली होती आणि मामांच्या घराच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरीला पाय लावून परत फिरली होती. तेव्हापासून ती पायरी म्हणजे मामांच्या लेखी लक्ष्मणरेषाच होऊन बसली. पावसाळ्यात कोणी काळजीने विचारपूस केली की मामा अडकित्त्याने सुपारी कातरीत शांतपणे हेच वाक्य ऐकवीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पावसाने धरलेला जोर काही केल्या ओसरेना, तेव्हा मामांचा मुलगा पुण्याहून फोन करकरून थकला. “अण्णा, आईला घेऊन आजच्या आज मावशीकडे जा.” मामांचे उत्तर ठरलेलेच होते. या खेपेस मात्र कृष्णामाईने मामांचा मुलाहिजा ठेवला नाही. आयर्विन पुलावरचा आकडा ५७ फुटांच्या पलीकडे गेला. तिसरी पायरी बुडाली, पाचवी बुडाली, उंबरा बुडाला आणि माजघरात मांडीएवढे पाणी उभे राहिले. मामा-मामींना होडीतून बाहेर काढावे लागले. मामींचा लग्नातला शालू आणि मामांची उभ्या नोकरीची कागदपत्रे चिखलात गेली. पण जीव वाचले, हेच भाग्य म्हणायचे. त्याच पुरात ब्रह्मनाळला होडी उलटून कितीतरी माणसे गेली.

दैवाचा विनोद असा, की हा मुलगा नदीच्या पाण्याचे गणित मांडणाराच! २०१८ च्या जानेवारीत चेन्नईच्या आय. आय. टी. मध्ये नद्यांच्या खोऱ्यांची प्रतिमाने रचणाऱ्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिला तो हौसेने जाऊन आला होता. “देशोदेशीचे पंडित जमवून तुम्ही करता तरी काय?” असे मी मराठीच्या मास्तराने त्याला विचारले. त्याने चार रात्री बसून मला जे समजावले, ते माझ्या बेताच्या बुद्धीने वाचकांपुढे ठेवीत आहे.

सिंड्रेलाच्या काकांचा हिशेब

नदीत पाणी येते कोठून? शाळेतले पोरही म्हणेल, पावसातून. पण एके काळी युरोपातले मोठमोठे विद्वान ही गोष्ट मानायला तयार नव्हते. एवढ्या नद्या बारमाही वाहतात, त्यांना पाऊस पुरेल कसा? समुद्राचेच पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढत असले पाहिजे, असा अनेकांचा समज होता.

पियेर पेरो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने या वादाचा हिशेब मांडला. सिंड्रेलाची गोष्ट आपल्यापर्यंत पोचविणाऱ्या शार्ल पेरोचा हा भाऊ. म्हणजे नात्याने सिंड्रेलाचा काकाच म्हणा ना! त्याने सेन नदीच्या उगमाजवळचा एक टापू घेतला. तेथे तीन वर्षे पडलेल्या पावसाची सरासरी काढली आणि तेथून वाहून जाणाऱ्या पाण्याशी तिचा ताळा घेतला. १६७४ साली त्याने निकाल छापला. नदीतून वर्षभर जेवढे पाणी जाते, त्याच्या सुमारे सहापट पाऊस त्या टापूवर पडतो! नदी वाहती ठेवायला पाऊस पुरून उरतो. मग उरलेला जातो कोठे? काही जमीन पिते, काही झाडे पितात, काही ऊन पिते.

जमा किती, खर्च किती, शिल्लक किती? घरोघरीच्या गृहिणी महिनाअखेर जो हिशेब करतात, तोच हा. नदीच्या साऱ्या आधुनिक गणिताचे मूळ या जमाखर्चात आहे.

कैद्यांनी खोदलेली मिसिसिपी

पण वर्षाचा हिशेब वेगळा आणि उद्या सकाळी पाणी कोठवर येईल हे सांगणे वेगळे. त्यासाठी माणसाने प्रथम नदीची बाहुली करून पाहिली. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्र सरकारची जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात १९१६ सालची, मुंबई इलाख्याच्या काळातली. तेथे नद्यांच्या, बंदरांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत खरोखरीचे पाणी सोडतात आणि ते कोठे आपटते, कोठे गाळ टाकते ते पाहतात.

या बाहुल्यांतली सर्वांत अजस्र बाहुली अमेरिकेतली. मिसिसिपी नदीचे खोरे एवढे अवाढव्य, की एका ठिकाणी बांध घातला तर शेकडो मैल खाली काय होईल ते कोणाला सांगता येईना. तेव्हा अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी १९४३ साली मिसिसिपी राज्यात क्लिंटन गावाजवळ सुमारे २०० एकरांत त्या खोऱ्याची प्रतिकृती रचायला घेतली. युद्धात पकडलेले जर्मन कैदी तेथे कामाला लावले होते. आडवे माप दोन हजारांत एक आणि उभे माप शंभरांत एक. मैलाची लांबी अडीच-पावणेतीन फुटांत आली!

१९५२ च्या एप्रिलमध्ये मिसूरी नदीला महापूर आला. ओमाहा आणि कौन्सिल ब्लफ्स ही समोरासमोरची शहरे धोक्यात होती. या प्रतिकृतीत पाणी सोडून पाहून पूर कोठवर चढेल याचे अंदाज बांधले गेले, त्या बेताने बांध उंच केले गेले आणि दोन्ही शहरे वाचली. पुढे गणकयंत्रे आली. जे काम २०० एकर व्यापीत होते, ते आकड्यांच्या रूपाने एका पेटीत मावू लागले.

अंगणाचा स्वभाव

आकड्यांच्या या नदीलाच प्रतिमान म्हणतात. चेन्नईची परिषद ज्या प्रतिमानाभोवती भरली होती, त्याचे सुटसुटीत नाव ‘स्वॅट’. टेक्सासमधील टेंपल या गावी अमेरिकेच्या शेती खात्याच्या संशोधन शाखेत जेफ आर्नल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत ते सिद्ध केले, आणि ते जगाला फुकट देऊन टाकले. फुकटची गोष्ट टाकाऊ असते असे आपण म्हणतो, पण येथे उलटे झाले. जो तो आपापल्या नदीवर ते चालवून पाहू लागला. अनुभव सांगायला माणसे एकत्र येऊ लागली. २००१ साली जर्मनीत, २००३ साली इटलीत, २०१२ साली दिल्लीत आणि मग चेन्नईत. दिल्लीच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक ए. के. गोसाईं यांनी तर भारतातल्या नद्यांच्या खोऱ्यांवर हे प्रतिमान चालवून बदलत्या हवामानात त्यांचे काय होईल याचा अदमास घेतला आहे.

त्याची रीत अशी. प्रथम खोऱ्याचे लहान लहान पाणलोट पाडायचे. मग प्रत्येकात जमीन कोणती, तिच्यावर पीक आहे की जंगल की वस्ती, उतार किती, हे पाहून सारख्या स्वभावाचे तुकडे वेगळे काढायचे. प्रत्येक तुकड्याला रोजचा पाऊस द्यायचा आणि रोजचा जमाखर्च लिहायचा.

‘स्वभाव’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. शेणाने सारवलेल्या अंगणात सर आली तर थोडे पाणी मुरते, थोडे वाहते. त्याच अंगणात फरशी घाला, सारे पाणी रस्त्यावर येते. अमेरिकेच्या मृद्संधारण खात्याने १९५० नंतरच्या दशकात जमिनीच्या या स्वभावाला चक्क गुण देण्याची पद्धत काढली. गुण १०० च्या आत. १०० म्हणजे पडले तेवढे सारे वाहून गेले. दाट जंगलाचे गुण कमी, डांबरी सडकेचे गुण शंभरीच्या घरात. एरवी आपण जास्त गुणांना भुलतो. येथे मात्र गावाचे गुण वाढले की नदीकाठच्या माणसाने धास्ती घ्यावी!

स्वॅटची घडण मुळात दुसऱ्याच कामासाठी झाली. शेतीत, जंगलात, खतांत फेरफार केले तर नदीच्या पाण्यावर आणि गाळावर वर्षानुवर्षांत काय परिणाम होतो, ते पाहण्यासाठी. तासागणिक पुराची पातळी सांगणारी प्रतिमाने निराळी. पण शिस्त दोहोंची एकच, आणि ती शिस्तच मला सर्वांत मोलाची वाटली.

नदीने तपासलेला पेपर

“दादा, ज्योतिषी आणि आम्ही यांत फरक एवढाच,” मामेभाऊ म्हणाला, “आमचा पेपर नदी तपासते.”

समजा, एखाद्या नदीच्या वीस वर्षांच्या नोंदी हाती आहेत. त्यांतल्या दहा वर्षांवर प्रतिमानाचे कानखिळे पिळायचे. गणिताचा सूर आणि नदीचा सूर जुळेपर्यंत, तंबोरा लावावा तसे. मग उरलेल्या दहा वर्षांचा फक्त पाऊस त्याला द्यायचा, नदीचे आकडे झाकून ठेवायचे, आणि विचारायचे, सांग, पाणी किती आले? त्याने सांगितले की झाकण काढून ताळा घ्यायचा. परिषदेत निबंधामागून निबंध वाचले जातात, त्यांत या दोन रेघा हटकून असतात, एक नदीची आणि एक गणिताची. दोन रेघांत अंतर दिसले की श्रोते प्रश्न विचारायला उठतात.

गुण देण्याचीही रीत आहे. नॅश आणि सटक्लिफ या दोघांनी १९७० साली ती घालून दिली. १ म्हणजे पैकीच्या पैकी. शून्य म्हणजे एवढी यातायात करण्यापेक्षा रोज डोळे मिटून सरासरी सांगितली असती तरी तेवढेच साधले असते. आणि शून्याच्या खालीही गुण मिळतात! आमच्या विद्यापीठाच्या परीक्षांत ही सोय नाही, हे विद्यार्थ्यांचे नशीब.

मी म्हटले, “म्हणजे शेवटी सारे नोंदींवर आले.”

“तेच तर! कृष्णेचेच घे. उगमाशी महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आपल्या सांगलीला सहाशेच्या आसपास. घाटावरचे एखादे पर्जन्यमापक चार दिवस बंद पडले, तर खालचे सारे गणित आंधळे होते. रोज सकाळी साडेआठला छत्री सावरत त्या मापकाशी जाऊन पाणी मोजणारा आणि खरा आकडा लिहिणारा जो माणूस आहे ना, त्याच्या वहीवर आमची परिषद उभी असते. त्याने घरी बसून अंदाजे आकडा भरला, तर आमचे मोठे यंत्रही तोच खोटा आकडा मोठ्या दिमाखाने परत सांगते.”

मग थोडा थांबून तो म्हणाला, “आणि धरणाचे दार कधी, किती उघडायचे हे माणूस ठरवतो. प्रतिमान त्याला हवे तर सांगेल, आता उघडलेस तर खाली असे होईल. पण त्याच्या मनातले ते ओळखू शकत नाही. ऐकायचे की नाही, हेही त्याचे तोच ठरवणार.”

भिंतीवरची रेघ

त्याचे हे वाक्य ऐकले आणि मला मामा आठवले. मी धीर करून विचारले, “अण्णांनी तुझे ऐकले नाही, याचा राग येतो का रे?”

“राग कसला, दादा? अण्णांचेही ते प्रतिमानच होते. फक्त एकाच पुरावर बसवलेले. पायरी खोटी नव्हती, नोंद एकच होती. मीही त्यांना ‘निघा, निघा’ एवढेच सांगत राहिलो. नवजाला आज किती पाऊस झाला, कोयनेचे पाणी किती सोडले, वारणा किती भरून आली, हे त्यांच्यापुढे मांडले असते, तर कदाचित त्यांनी ऐकले असते. त्यांना हिशेब कळतो, हुकूम आवडत नाही.”

नुसते गणित बरोबर येऊन भागत नाही. ज्याच्या उंबऱ्याशी पाणी येणार, त्याला पटेल अशा बोलीत ते पोचले तरच ते पुरे होते. आम्हा भाषेच्या मास्तरांनाही येथे थोडे काम आहे, असे मला तेव्हा वाटले.

२०२१ च्या जुलैत कृष्णेला पुन्हा पूर आला. या वेळी मामांनी स्वतःच एक वही घातली होती. वर्तमानपत्रात कोयना, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाचे आकडे येतात, ते रोज उतरवून घ्यायचे, शेजारी आयर्विन पुलाचे फूट लिहायचे आणि रात्री मुलाला फोन करायचा. पाणी ओटीच्या कडेला येऊन थांबले, तेव्हा मामा-मामी दोन दिवस आधीच मावशीकडे जाऊन बसले होते. शालूची ट्रंकही बरोबर होती. शालू अर्थात नवा!

गेल्या दिवाळीत मी सांगलीला गेलो होतो. घर रंगवून झाले होते. माजघराच्या दाराशेजारची वीतभर रुंदीची पट्टी मात्र तशीच कळकट राहिली होती. मी मामींना विचारले, “मामी, एवढीच का सोडली?”

मामी म्हणाल्या, “अरे, ती हे रंगवू देत नाहीत.”

जवळ जाऊन पाहिले. पट्टीवर मांडीच्या उंचीवर चिखलाची फिकट रेघ होती आणि तिच्याजवळ मामांच्या अक्षरात, शिसपेन्सिलीने, २०१९ साल आणि तारीख लिहिली होती. मामेभावाने तिची उंची फुटपट्टीने मोजून आपल्या वहीत टिपून घेतली होती. पुढच्या गणिताचा ताळा घ्यायला असल्या खुणा लागतात, असे तो म्हणाला.

मामींनी पट्टीच्या खाली जमिनीवर रांगोळी काढली आणि पणती ठेवली.