कोठडीतला कागद, घरचा पत्ता

1912 च्या जून महिन्यात मंडालेच्या तुरुंगात टिळकांना पुण्याहून तार मिळाली. सत्यभामाबाई गेल्या होत्या. सुटकेला अजून दोन वर्षे होती. त्यानंतर भाचे धोंडोपंत विद्वांस यांना त्यांनी लिहिलेले पत्र मी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा काढून वाचतो. संकटे शांतपणे सोसायची आपल्याला सवय आहे, पण या घावाने आपण हललो, अशी कबुली त्यात आहे. अखेरच्या वेळी जवळ नव्हतो, ही खंत आहे. आणि लगेच पत्र मुलांकडे वळते. त्यांचा अभ्यास बुडू देऊ नका, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

पहिल्यांदा वाचले तेव्हा हे वळण मला कोरडे वाटले होते. मंडालेची बाकीची पत्रे वाचल्यावर ते मत टिकले नाही. धोंडोपंतांना टिळक सतत काही ना काही कामे सांगत असतात. अमुक पुस्तके पाठवा, ताईमहाराजांच्या दत्तकाच्या खटल्यात वकिलांना असे सांगा, घरचे तसे बघा. कोठडीतल्या माणसाला आपल्या माणसांसाठी हाताने काही करता येत नाही. काम सांगणे, हीच त्याची घरातली उरलेली जागा. भाच्यावर किती भिस्त होती, हे टिळक कुठे शब्दांत सांगत नाहीत. कामांची यादीच ते सांगते.

शिवाय पत्र घरी पोचण्याआधी अधिकारी वाचणार, हे कैद्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असते. अंदमानात सावरकरांना वर्षातून एका पत्राची मुभा होती. धाकटे भाऊ नारायणराव, म्हणजे त्यांचा ‘बाळ’, यांना ही पत्रे जात, आणि तीही इंग्रजीत. भगूरच्या एका घरात वाढलेल्या दोन भावांनी एकमेकांची खुशाली परक्या भाषेत विचारायची, हा जाच मला कोलूइतकाच मोठा वाटतो. वर्षाचे सगळे त्या एका कागदात बसवायचे. थोरले बाबाराव त्याच तुरुंगात होते, त्यांच्या पत्नी येसूवहिनी इकडे वाट बघत होत्या. 1919 मध्ये भेटीची परवानगी मिळून नारायणराव आणि सावरकरांच्या पत्नी माई अंदमानात पोचले, त्याआधीच वहिनी गेल्या होत्या. येसूवहिनींचा विचार मनात ठेवून ही पत्रे वाचली की घरच्यांच्या साध्या विचारपुशीपाशीही थांबावे लागते.

भगतसिंगांच्या पत्रांत नात्याची दोन टोके दिसतात. लाहोर खटल्यात मुलाला वाचवण्यासाठी वडील किशनसिंग यांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तेव्हा ऑक्टोबर 1930 मध्ये भगतसिंगांनी त्यांना फार कठोर पत्र लिहिले. आपल्याला न विचारता आपल्या तत्त्वांवर घाला घातल्याचा तो संताप होता. पाचच महिन्यांनी, 3 मार्च 1931 ला, त्यांनी धाकट्या भावाला, कुलतारला, लिहिले. भेटीत त्याच्या डोळ्यांत पाणी पाहून आपल्याला वाईट वाटले, त्याने हिमतीने शिकावे, प्रकृती सांभाळावी. वीस दिवसांनी फाशी झाली. वडिलांवरचा तो राग मला दुरावा वाटत नाही. बाप आपल्याला ओळखतो, या खात्रीला तडा गेल्याचे ते दुःख आहे.

न पाठवलेल्या पत्रांचे गोत्र वेगळेच. ऑगस्ट 1942 मध्ये मौलाना आझाद, नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी नगरच्या किल्ल्यात आली. तिथे आझादांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना एकामागून एक पत्रे लिहिली, ती पाठवायची सोय नाही हे माहीत असूनही. सुटकेनंतर, 1946 मध्ये, ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती छापली गेली. त्यांत पहाटेचा चिनी चहा आहे, खोलीतल्या चिमण्यांशी जमलेली दोस्ती आहे. आणि एप्रिल 1943 चे ते पत्र आहे. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला अंथरुणाला खिळलेल्या. सरकारकडे काही मागायचे नाही, हा निर्धार. तुरुंगाधिकारी वर्तमानपत्र घेऊन येई, तेव्हा काळजात धडधड होई, तरी आझाद लिहिण्यात गुंतल्यासारखे दाखवत, हसून ते टेबलावर ठेवायला सांगत, आणि थोड्या वेळाने, काही घाई नसल्यासारखे, उचलत. बेगम गेल्या, भेट झाली नाही. पत्नीला लिहिता आले नाही ते मित्रापाशी उघडे केले, आणि तेही त्याच्या हाती लगेच न पडणाऱ्या कागदावर. मैत्रीचा असा पुरावा मला दुसरीकडे वाचायला मिळालेला नाही.

पण या सगळ्या वाचनात एक उणीव जाचते. हा संवाद अर्धाच आहे. तुरुंगातून आलेली पत्रे घरच्यांनी जपली, नाव मोठे म्हणून छापलीही गेली. घरून गेलेल्या उत्तरांचे ते भाग्य क्वचितच. आणि ज्यांची नावे मोठी नाहीत, त्यांचे काय? 2022 अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, खटल्याचा निकाल न लागलेले. लिहिता न येणारा बराकीतल्या शिकलेल्या सोबत्याकडून दोन ओळी लिहवून घेतो : मुलीची फी भरली का, म्हैस विकू नका, मुलाखतीला याल तेव्हा आईला आणा. असे कागद पत्र्याच्या पेटीत विरून जातात.

म्हणूनच मधू आणि प्रमिला दंडवते यांची पत्रे मला मोलाची वाटतात. आणीबाणीत मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, प्रमिलाताई येरवड्यात. इथे बाहेर कुणीच नव्हते. दोघेही आत, प्रत्येक पत्र तुरुंगातून निघून तुरुंगातच पोचणारे. त्यांत संगीत आहे, कविता आहेत, वाचलेली पुस्तके आहेत. नवरा लिहितो आणि बायको उत्तर देते, आणि या वेळी तिचे उत्तरही आपल्याला वाचता येते.