तीन महिन्यांचं पार्क बारा महिने कसं चालेल?

आजचा विषय करमणुकीचा आहे, पण आपण तो हिशेबाच्या बाजूने बघणार आहोत.

रायपूर, नागपूर, इंदूर, जबलपूर, कुठल्याही मोठ्या शहराबाहेर पडलात की हायवेवर एखादं वॉटर पार्क लागतं. मे महिन्यात तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. ऑगस्टमध्ये त्याच रस्त्याने जा. फाटलेला फ्लेक्स, घसरगुंडीवर शेवाळ आणि गेटवर एकटा चौकीदार. आपल्या प्रेक्षकांपैकी काहींनी विचारलं आहे की एवढी जमीन आणि एवढी यंत्रं पडून राहतात, तर ही पार्कं वर्षभर का चालवत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. पण "वर्षभर चालवणं" म्हणजे ३६५ दिवस गेट उघडं ठेवणं, असं समजलं तर मालक बुडेल आणि लोकांचा जीवही धोक्यात येईल. वर्षभर चालायला हवीत ती माणसं आणि देखभाल. गेट किती दिवस उघडायचं, हे त्यानंतर ठरतं. कसं ते बघू.

आधी हिशेब

एक काल्पनिक पार्क घ्या. बँकेचा हप्ता, विमा, जमीन, कायम कर्मचाऱ्यांचे पगार मिळून वर्षाला ५ कोटींचा खर्च. गेट बंद असो वा उघडं, हा खर्च चुकत नाही. उन्हाळ्यात ९० दिवस पार्क चाललं आणि रोज सरासरी १,५०० माणसं आली, तर झाली १,३५,००० माणसं. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर साधारण ३७० रुपयांचा कायम खर्च बसला.

आता समजा आणखी १६० दिवस उघडलं आणि रोज फक्त ४०० माणसं आली. एकूण झाली १,९९,००० माणसं. तोच ५ कोटींचा बोजा आता माणशी २५१ रुपयांवर आला. फायदा दिसतो.

पण गेट उघडलं की रोजचा वेगळा खर्च सुरू होतो. पंप, वीज, क्लोरीन, रोजंदारी, जेवणखाण. हा दिवसाला १ लाख धरा. जीएसटी वजा जाता माणशी ६०० रुपये हाती येत असतील, तर ४०० माणसांचे २ लाख ४० हजार झाले. दिवस फायद्यात गेला. त्याच दिवशी १०० माणसं आली तर ६० हजारच आले, म्हणजे ४० हजारांचा तोटा. या उदाहरणात १६७ माणसं आली की दिवसाचा खर्च निघतो. तेव्हा मालकाने "वर्षभर उघडू का?" असं विचारून भागत नाही. "कुठल्या दिवशी १६७ च्या वर माणसं येतील, आणि कशासाठी येतील?" हा त्याचा प्रश्न असायला हवा.

त्यातला "कशासाठी" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

ज्यांनी हे करून दाखवलं

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथलं टिव्होली गार्डन १८४३ साली सुरू झालं. युरोपातला हिवाळा कडक, म्हणून दीडशे वर्षं ते उन्हाळ्यातच चालायचं. १९९४ साली त्यांनी नाताळचा मोसम सुरू केला. २००६ मध्ये हॅलोविनचा आणि २०१८ मध्ये हिवाळ्याचा मोसम आला. म्हणजे एकाच्या चार मोसमांपर्यंत पोचायला त्यांनी जवळपास पाव शतक घेतलं. आजही दोन मोसमांच्या मध्ये ते बाग बंद ठेवतात, सजावट बदलतात आणि मगच पुढचा मोसम सुरू करतात.

नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग १९५२ चं. त्यांनी आधी हिवाळ्यातले काही आठवडे उघडून पाहिले आणि २०१० पासून वर्षभर रोज गेट उघडं ठेवलं. दोघांनीही एकेक पायरी चढत हे केलं.

आपल्याकडे वंडरलाची पद्धत बघा. कोची २०००, बंगळुरू २००५, हैदराबाद २०१६, भुवनेश्वर २०२४. प्रत्येक ठिकाणी पाण्याच्या राइड आणि कोरड्या राइड एकाच आवारात आहेत. गारठा असेल त्या दिवशी लोक कोरड्या बाजूला जातात, उकाडा असेल त्या दिवशी पाण्यात उतरतात. एका तिकिटात दोन मोसम सांभाळले जातात.

खोपोलीचा धडा

मराठी माणसाला जवळचं उदाहरण म्हणजे खोपोलीचं इमॅजिका. २०१३ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेजवळ थीम पार्क सुरू झालं. २०१४ मध्ये वॉटर पार्क, २०१५ मध्ये हॉटेल, २०१६ मध्ये बर्फाचं स्नो पार्क. कोकणातल्या पावसाचा विचार करून छताखालच्या राइडही ठेवल्या होत्या. 'मिस्टर इंडिया'ची राइड किंवा 'आय फॉर इंडिया' यांना पावसाची अडचण नाही. वर्षभर चालण्यासाठी जे जे लागतं ते जवळजवळ सगळं तिथे होतं.

तरीही कर्ज डोईजड झालं. त्यात २०२० चा लॉकडाऊन आला. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ताबा घेतला.

यातून मी घेतो तो धडा असा. आकर्षणं वाढली की कायम खर्चही वाढतो, आणि तो कर्जातून आला असेल तर हप्ता दर महिन्याला येतो. गर्दी मात्र मोसम बघून येते. म्हणून आधी गर्दी कुठून येणार ते शोधा आणि मग बांधकाम करा. मालपाणी समूहाचंच शिर्डीचं साई तीर्थ बघा. शिर्डीत भाविक बाराही महिने येतो. पार्कला गर्दी ओढून आणावी लागत नाही, दर्शनाला आलेल्या माणसाला अर्धा दिवस थांबवलं की पुरे.

आता रायपूर

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि शाळाही उघडतात, म्हणजे वॉटर पार्कची दोन्ही गिऱ्हाइकं एकाच आठवड्यात जातात. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मात्र हवा अशी छान असते की लोक दिवसभर बाहेर राहायला तयार असतात. गंमत अशी की वॉटर पार्क नेमकं त्याच काळात झोपलेलं असतं.

इथे वर्षाचे तीन भाग करावे लागतील.

पहिला भाग उन्हाळा. भर दुपारी मुलांना उन्हात उभं करण्यापेक्षा पार्क दुपारी चारला उघडून रात्री दहापर्यंत चालवावं. सावली, दिवे आणि पिण्याचं थंड पाणी यांवर खर्च करावा. पाणीटंचाईच्या काळातच वॉटर पार्कला सगळ्यात जास्त पाणी लागतं, म्हणून गाळून तेच पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा चोख असलीच पाहिजे. नाहीतर आजूबाजूची गावं विरोधात जातील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

दुसरा भाग पावसाळा. खोपोली-लोणावळ्याला लोक पावसासाठीच जातात. आमच्याकडे पावसात लोक चित्रकोटचा धबधबा बघायला आणि गंगरेल धरणावर जातात. त्यांच्याशी स्पर्धा करू नये. जून ते सप्टेंबर सोमवार ते शुक्रवार गेट बंद ठेवावं. शनिवार-रविवार छताखालचा भाग तेवढा उघडावा. हरेलीला छत्तीसगडी मुलं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर चालतात. पोळा तर इथला आणि आपला दोघांचाही. अशा सणाला एकेक दिवसाचा मेळा भरवता येतो आणि त्याला कोट्यवधींची राइड लागत नाही.

तिसरा भाग हिवाळा. शाळांच्या सहली, लग्नसराईचे लॉन, कंपन्यांच्या सहली, कोरड्या राइड. १ नोव्हेंबर हा राज्याचा स्थापनादिन, त्यामुळे त्या सुमाराला बाहेरगावची माणसंही राजधानीत असतात. नवा रायपूरमध्ये २०१६ पासून सुमारे ३२० हेक्टरची जंगल सफारी आहे, २००६ पासून पुरखौती मुक्तांगण आहे. सहलीची बस तिथे येतेच. या दोन जागांबरोबर एकत्र तिकीट काढता आलं, तर शिर्डीचंच गणित इथे लागू होतं. गर्दी आधीच आलेली आहे, तिला अर्धा दिवस थांबवायचं आहे.

माणसांचं काय?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. मोसमी पार्कमध्ये लाइफगार्ड आणि राइड चालवणारी मुलं बहुतेक जवळच्या खेड्यांतली असतात. मार्चमध्ये घेतली, जूनमध्ये सोडली. ती धानाच्या रोवणीला जातात, नोव्हेंबरमध्ये कापणी करतात. कापणी संपली की छत्तीसगडच्या गावांमधली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामासाठी परराज्यांत निघून जातात. पुढच्या मार्चमध्ये पार्कला नवी मुलं घ्यावी लागतात, आणि ती आठवडाभराच्या शिकवणीवर तुमच्या नातवंडाच्या पट्ट्याचा हुक लावतात.

हिवाळी मोसम सुरू झाला तर शेतीचं काम संपतं तेव्हाच पार्कचं सुरू होईल. मुलगा गावात राहील, पाच वर्षं तीच राइड चालवेल आणि तिचा आवाज ओळखायला लागेल. बेअरिंग बिघडलंय हे मीटरआधी त्याच्या कानाला कळेल.

हे मी उगाच सांगत नाही. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोक्याची राइड तुटून दोन माणसं गेली. २५ मे २०२४ ला, ऐन सुट्टीच्या गर्दीत, राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि २७ जीव गेले. तिथे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाही नव्हता. अशा बातम्या वाचल्या की मला पहिला प्रश्न पडतो तो देखभालीचा. तपासणी कोण करत होतं, आणि त्याला काम थांबवायचा अधिकार होता का?

फौजेत मेंटेनन्स परेड असते. गाडी आठवडाभर हलली नसली तरी ठरलेल्या दिवशी बॉनेट उघडतंच, आणि वहीवर सही होते. वर्षभर चालणाऱ्या पार्कची खरी अडचण इथेच आहे. मोसमी पार्कला दुरुस्तीसाठी निदान नऊ महिने मिळतात, मग तो ते वापरो न वापरो. रोज चालणाऱ्याला ते मिळत नाहीत. म्हणून आठवड्यातला एक दिवस आणि पावसाळ्यातले सलग काही आठवडे फक्त देखभालीसाठी राखून ठेवले पाहिजेत. आमची जंगल सफारी सोमवारी बंद असते, त्यावर कुणी तक्रार करत नाही. पार्कनेही असा एक वार पाळावा.

तुम्ही काय बघाल?

पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. आज सकाळी ही राइड कुणी तपासली आणि सही कुठे आहे? लाइफगार्ड इथे किती वर्षं काम करतोय? आठवड्यात देखभालीचा वार कोणता? उत्तरं चटकन आली तर निर्धास्त आत जा. गेटवरचा माणूस घुटमळला, तर तिकीट न काढता परत फिरा. मुलं दोन तास रुसतील, एवढंच.

आणि तुमच्यापैकी कुणी असं पार्क काढायच्या विचारात असेल, तर नवी राइड मागवायच्या आधी वर्षाचा पगारपट लिहून काढा. बारा महिने पगार देता येईल अशी किती माणसं आहेत, यावरून तुमचं पार्क केवढं असावं ते ठरेल.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या. जय हिंद.