आजची भाकर

ख्रिस्ती कुटुंबांत सायंकाळच्या उपासनेच्या वेळीं लहानथोर मिळून जी प्रभूची प्रार्थना म्हणतात, ती सर्वांस पाठ असते. आणि पाठ असते म्हणूनच तिच्यांतील शब्दांकडे सहसा लक्ष जात नाहीं. एका शिष्यानें विनंती केली तेव्हां येशू ख्रिस्तानें ती शिष्यांस शिकविली, असें लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत सांगितलें आहे. मत्तयकृत शुभवर्तमानांत ती डोंगरावरील प्रवचनांत येते. देवाचें नाम, त्याचें राज्य आणि त्याची इच्छा या थोर गोष्टींच्या पाठोपाठ तींत एक अगदीं साधी मागणी आहे : आजच्या भाकरीची.

आतां शहरांतील सुखवस्तु घराकडे पहावें. महिन्याचा किराणा एकदम भरलेला असतो, पगार बँकेंत जमा होतो, म्हातारपणाची तरतूद झालेली असते. अशा घरच्या मनुष्यानें आजच्या भाकरीची याचना करणें हें खरें मागणें, कीं केवळ जिभेला पडलेलें वळण? प्रश्न अवघड आहे, पण तो टाळतां येण्यासारखा नाहीं.

ही प्रार्थना ज्यांनीं प्रथम ऐकली, त्यांना असा प्रश्न पडला नसता. त्या काळच्या गालीलांत पुष्कळांचें पोट रोजच्या मजुरीवर चाले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्याच्या धन्याचा जो दृष्टांत आहे, त्यांत मजूर सकाळपासून बाजारांत कामाची वाट पहात उभे असतात आणि संध्याकाळीं त्यांच्या हातीं एक दीनार पडतो. जात्यावर दळावें, भाजावें आणि खावें, हा तेथील घरांचा क्रम. जातें किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊं नये, असा अनुवादाच्या ग्रंथांत नियमच आहे. कारण जातें नेणें म्हणजे त्या घरचें जीवनच नेणें होय. गरिबांची भाकर बहुधा जवाची असे. ज्वारीबाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या महाराष्ट्रास ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको.

मूळ ग्रीक भाषेंत या भाकरीला 'एपिऊसिऑस' असें विशेषण आहे आणि तें मोठें विलक्षण आहे. तिसऱ्या शतकांतील पंडित ओरिजेन यास तें विद्वानांच्या ग्रंथांत किंवा लोकांच्या बोलण्यांत कोठेंच आढळलें नाहीं. शुभवर्तमानकारांनींच तें घडविलें असावें असें त्यास वाटलें. 'आजच्या दिवसाची', 'येणाऱ्या दिवसाची', 'जगण्यास अवश्य तेवढी' असे त्याचे निरनिराळे अर्थ करण्यांत आले आहेत. परंतु यांपैकीं कोणताही अर्थ घेतला, तरी वर्षांची बेगमी त्यांत बसत नाहीं.

या मापाचें मूळ निर्गमाच्या सोळाव्या अध्यायांत सांपडतें. रानांत भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मान्ना मिळे, तो दर माणशीं एक ओमर, म्हणजे अंदाजें दोन लिटर. ज्यानें पुष्कळ गोळा केला त्याचें उरलें नाहीं, ज्यानें थोडा केला त्यास उणें पडलें नाहीं. कित्येकांनीं अविश्वासानें तो दुसऱ्या दिवसासाठीं ठेवला, तेव्हां त्यांत किडे पडले. मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशीं दुप्पट गोळा करून ठेवण्याची आज्ञा होती, आणि तो मान्ना नासला नाहीं. यावरून सांठविणें हेंच पाप, असें म्हणतां येत नाहीं.

शास्त्रांत दोन कोठारें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे ही गोष्ट अधिक उघड होते. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायांत योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा सांठवितो. लूकाच्या बाराव्या अध्यायांतील श्रीमंत शेतकरीही मोठीं कोठारें बांधूं पाहतो. पहिला शहाणा ठरला, दुसऱ्यास देवानें मूर्ख म्हटलें. धान्य दोघांजवळही होतें. पण योसेफाचीं कोठारें दुष्काळांत भुकेल्यांसाठीं उघडलीं, आणि दुसऱ्याच्या मनांत स्वतःच्या जिवावांचून कोणीच नव्हतें.

महाराष्ट्रांत या मागणीचा अर्थ जगून दाखविणारें एक नांव सर्वपरिचित आहे. पंडिता रमाबाई यांनीं विशीच्या आंत दुष्काळांत आईवडील गमावले होते. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून निराधार मुली आणून पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें आश्रय दिला. शेंकडों मुखांच्या अन्नासाठीं त्या प्रार्थना करीत, आणि त्याच वेळीं विहिरी खणवीत व शेती करवीत. याचना आणि श्रम यांत त्यांस विरोध दिसला नाहीं. साध्या माणसांस कळावें म्हणून त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. त्या १९२२ सालीं निवर्तल्या आणि तें ग्रंथरूपानें १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळावें. या प्रार्थनेंत 'मला' हा शब्दच नाहीं, 'आम्हांस' आहे. ज्याचा डबा भरलेला आहे तोही ती म्हणतो, तेव्हां ज्याचा डबा रिकामा आहे त्याच्या वतीनेंही मागत असतो. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवूं नये, अशी लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आज्ञा आहे. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार 'सुटे नाहींत, उद्यां पहा' म्हणून लांबविणें ही सुखवस्तु घरास क्षुल्लक गोष्ट वाटते. तिच्या घरीं मात्र त्या रात्रीं चूल पेटेल कीं नाहीं, हें त्यावर ठरूं शकतें. असें करून त्याच संध्याकाळीं आजची भाकर मागणारा एका हातानें मागतो आणि दुसऱ्या हातानें ती अडवून धरतो.

म्हणून भरल्या घरांतही ही मागणी पोकळ होत नाहीं. उलट तिचें ओझें वाढतें. उपासनेस बसण्यापूर्वीं कोणाचें देणें घरांत राहिलें आहे काय, एवढें पाहून तें चुकतें केलें, तर पाठ असलेले ते शब्द त्या घरीं पुन्हां खरे होतात.