वादळापूर्वीची नौका

इंग्लंडच्या दक्षिणेकडील काउझ बंदरातून ११ ऑगस्ट १९७९ रोजी ३०३ शिडाच्या नौका शर्यतीसाठी निघाल्या. आयर्लंडच्या दक्षिणेस असलेल्या फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला परतावयाचे, असा सुमारे ६०० सागरी मैलांचा तो मार्ग होता. १३ तारखेच्या रात्री ताफ्याला वादळाने गाठले. १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले आणि २४ नौका त्यांतील माणसांनी सोडून दिल्या. नवल असे, की या चोवीसांपैकी बुडाल्या केवळ पाच. उरलेल्या एकोणीस मागाहून तरंगताना सापडल्या. ज्या रबरी तराफ्यांच्या भरवशावर माणसांनी नौका सोडल्या, त्यांपैकी काही मात्र उलटले, काही फाटले.

तरणारी नौका माणसांना नकोशी का व्हावी? याचे उत्तर केबिनमध्ये आहे. लाटेच्या तडाख्याने नौका आडवी झाली, की आत सैल असलेली प्रत्येक वस्तू घातक ठरते. शेगडी, बॅटरी, डब्यांची चळत, सारेच अंगावर येते. केबिनच्या तोंडाशी बसवलेल्या सरकत्या फळ्या निसटल्या, तर पुढची लाट थेट आत शिरते. अंधार, गुडघाभर पाणी आणि थंडी यांत राहण्यापेक्षा तराफा बरा वाटतो. यास्तव वादळाची तयारी बंदरातच व्हावयास हवी. फळ्या दोरीने जखडाव्यात. बॅटऱ्या नौका उलटली तरी जागच्या हलणार नाहीत अशा बांधाव्यात. उपसण्याचा पंप व बादल्या हाताशी ठेवाव्यात. वादळासाठीचे लहान, जाड शीड तर बहुतेकांकडे असते. पण ते शांत पाण्यात एकदाही चढवून न पाहणारे तांडेल थोडे नाहीत!

माणसांची सिद्धताही तितकीच निकडीची. समुद्र लागण्यावरचे औषध ओकारी सुरू होण्यापूर्वीच घ्यावे लागते. शेगडी पेटवणे अशक्य होण्याआधी थर्मासमध्ये गरम पेय भरून ठेवावे. सुकाणूवरील पाळ्या आखूड असाव्यात, कारण गारठलेल्या माणसाला स्वतःची चूक उमगत नाही. अंगावरचा सुरक्षा-पट्टा केबिनबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच अडकवावा, आणि ज्या कडीत तो अडकवावयाचा ती माणसाचा भार झटक्यासरशी पेलेल एवढी भक्कम असावी. फास्टनेटच्या वादळात पट्टे वा त्यांचे आधार तुटूनही माणसे गेली. तराफ्याचा दोर कोणी सोडावयाचा, हेही आधीच ठरलेले असावे, आणि नौका खरोखरच पाण्याखाली जाऊ लागेपर्यंत त्याने त्याला हात लावू नये.