जुन्या लायब्ररीचं काय करायचं?

लिनक्सवरचा प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही. इंटरनेटवर माहिती सुरक्षितपणे पाठवायची, तर बरेचसे प्रोग्रॅम ओपनएसएसएल या सामायिक लायब्ररीवर विसंबतात. ऑगस्ट २०१६मध्ये तिची १.१.० आवृत्ती आली आणि अनेक प्रोग्रॅम कंपाइलच होईनात. पूर्वी ते लायब्ररीच्या आतल्या रचनांमध्ये थेट हात घालत; नव्या आवृत्तीने त्या झाकून ठेवल्या आणि ठरावीक फंक्शनांतूनच वाट ठेवली. बदल योग्यच होता, पण शेकडो जुने प्रोग्रॅम रातोरात कोण सुधारणार?

डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्वयंसेवकांनी त्याच्या २०१७च्या ‘स्ट्रेच’ आवृत्तीत ओपनएसएसएलची जुनी १.०.२ आणि नवी १.१ शेजारी-शेजारी ठेवल्या. फाइलच्या नावातच आवृत्ती असल्याने प्रत्येक प्रोग्रॅमला आपली लायब्ररी बरोबर सापडते. मधल्या काळात प्रोग्रॅमांच्या पॅकेजांना पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, लागत गेले आणि डेबियनच्या २०१९च्या ‘बस्टर’ आवृत्तीतून जुनी लायब्ररी काढता आली.

दुसरी पळवाट म्हणजे पॅकेजमध्येच जुनी प्रत कोंबणं. ती मला धोक्याची वाटते. सुरक्षेत भगदाड सापडलं की सामायिक प्रत एकदाच दुरुस्त होते. कोंबलेल्या प्रती एकेक करून शोधाव्या लागतात. म्हणून पॅकेज बांधणाऱ्यांना कळकळीची विनंती : जुनी प्रत कोंबू नका, पॅच लिहा; आणि तो लिहिलात, तर प्रोग्रॅमच्या मूळ प्रकल्पाकडेही पाठवा.