अहवाल निर्दोष, तरीही वेदना

सोनोग्राफी स्वच्छ येते, रक्त-लघवीच्या तपासण्या निर्दोष ठरतात, तरीही ओटीपोटातील दुखणे महिनोन्‌महिने हटत नाही. मग घरात एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘काही नाही, मनाचे आहे.’ त्याचा अर्थ ‘दुखणे खोटे आहे’ असा घेतला जातो आणि त्या दिवसापासून घरातील सून किंवा सासूबाई त्याविषयी बोलणेच सोडतात.

वैद्यकशास्त्राने मात्र मन आणि वेदना यांची अशी फारकत कधीच सोडून दिली आहे. हॉलंडमधील लायडन येथील डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मोलाचा आहे. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याने त्रस्त अशा १०६ स्त्रियांचे त्यांनी दोन गट केले. ४९ जणींची प्रचलित पद्धतीने आधी दुर्बिणीची तपासणी झाली. शारीरिक कारण न सापडल्यासच मनाकडे लक्ष दिले गेले. उरलेल्या ५७ जणींच्या बाबतीत शरीर, मनःस्थिती, आहार, भोवतालची परिस्थिती आणि स्नायू यांचा विचार पहिल्या दिवसापासून एकत्र झाला. वर्षभरानंतर दुसऱ्या गटात दुखण्यास उतार पडलेल्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. मनाची विचारपूस सर्व उपाय थकल्यावर केली, तर ती रुग्णाला आरोपासारखी वाटते. आरंभीच केली, तर ती उपचाराचाच भाग होते. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

यामागील कारण शरीररचनेत आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना ती आधार देते. भीती वाटली की खांदे आखडतात, तसेच हे स्नायूही नकळत आवळले जातात. आवळलेला स्नायू दुखतो, दुखण्याने धास्ती वाढते, धास्तीने तो अधिकच आवळतो. वेदना दीर्घकाळ टिकली, तर मज्जासंस्थाही हळवी होते आणि साधा स्पर्शही बोचू लागतो. म्हणूनच कोणी सांगितले म्हणून स्नायू आवळण्याचे ‘केगल’ व्यायाम परस्पर सुरू करणे येथे हितावह नाही. ज्यांचे स्नायू मुळातच ताठलेले आहेत, त्यांना प्रथम ते सैल सोडण्यास शिकावे लागते. संथ, खोल श्वसन ही त्याची पहिली पायरी. पुढचे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकावे.

पेढीवर बसणारे पुरुषही या दुखण्यातून सुटलेले नाहीत. ते बोलत नाहीत, इतकेच.

अर्थात मनाचा विचार म्हणजे तपासणीला फाटा नव्हे. पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव, लघवीतून रक्त, ताप, अकारण घटणारे वजन किंवा एकाएकी उठलेली तीव्र कळ यांपैकी काहीही असल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. एन्डोमेट्रिऑसिससारखा विकार तर सोनोग्राफीत अनेकदा दिसतही नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन आठवड्यांची लहानशी नोंद सोबत असावी : दुखणे केव्हा उठले, पाळीचा कितवा दिवस होता, झोप कशी लागली, त्या दिवशी घरात किंवा व्यवहारात कोणती चिंता होती. रोजमेळ नेमाने लिहिणाऱ्या घरांना हे जड जाऊ नये.